दगडावर राहिलेलं इष्टलिंग

मोठा दुष्काळ पडला त्या साली मी चौथीत होते आणि माझी माय रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. आमचं गाव शिरूर अनंतपाळच्या बाजूचं. अप्पा, म्हणजे माझे वडील, आठवडी बाजार करायचे. मीठ, मिरची, हळद पोत्यावर मांडून बसायचे. आम्ही लिंगायत, दुकानदारी करणारी माणसं. लहान का असेना, पण तागडी आपली आहे याचा अप्पांना मोठा अभिमान. दुष्काळात बाजारच भरेनासे झाले. ज्याच्या घरी पीठ नाही तो हळद कशाला घेईल? तागडी खुंटीला लागली आणि दोघं नवरा-बायको सरकारी कामावर जाऊ लागले. माय हातोडीनं दगड फोडायची, अप्पा पाट्या वाहायचे. संध्याकाळी तिथं मिळणारी सुकडी, भाजलेल्या पिठाचा सरकारी खाऊ, पदरात बांधून माय घरी यायची तेव्हा तिच्या भुवयांवर दगडाची पांढरी पूड बसलेली असायची. रेशनची लाल ज्वारी मिळायची, तिची भाकरी थापता थापता मोडायची. त्या दिवसांचं मला काही कौतुक नाही. भूक म्हणजे काय ते मला माहीत आहे, एवढंच.

त्याच साली गावातल्या स्वामींनी माझ्या गळ्यात इष्टलिंग बांधलं. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्यात प्रत्येकाचा देव प्रत्येकाच्या अंगावर असतो. मोठ्या सुपारीएवढं, काळंभोर, गुळगुळीत लिंग वस्त्रात गुंडाळून गळ्यात बांधायचं. रोज ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, भस्म लावायचं, फूल वाहायचं आणि मगच तोंडात घास घालायचा. ते अंगावेगळं करायचं नाही. हरवलंच तर मिळेपर्यंत अन्न नाही, असा जुन्या माणसांचा दंडक. आणि लिंगावरून उतरलेलं पाणी पायदळी जाऊ द्यायचं नाही. ते झाडाच्या मुळाशीच घालायचं.

त्या वयात मला हे शेवटचं फार लागायचं. विहिरीच्या तळाला बसून बाया वाटीवाटीनं पाणी उपसायच्या, आणि माझी माय त्यातलं पळीभर देवाला द्यायची. मी एकदा विचारलं, "माय, आपल्याला प्यायला न्हाई आन् दगडाला कशाला?" माय चिडली नाही. म्हणाली, "पळीभर त्याला दिलं म्हणून आपली घागर रिकामी झाली न्हाई, पोरी. हिर रिकामी हाय म्हणून झाली." आणि ते पाणी तिनं दारातल्या बेलाच्या रोपाला घातलं. माझ्या मनातला प्रश्न मात्र काही गेला नाही.

पुढं मी शिकले. आमच्या घराण्यात, बापाकडून म्हणा की माईकडून, कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे सांगताना मला लाज वाटत नाही आणि खोटा विनयही जमत नाही. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा मी बी.एस्सी. करत होते. नवा जिल्हा म्हणजे नवी ऑफिसं, नव्या खुर्च्या, नवी भरती. मला झाडं लावण्याच्या खात्यात नोकरी लागली, कुणाच्या चिठ्ठीवर नाही, मार्कांवर. सगळी नोकरी रोपवाटिकांमध्ये गेली. लिंब, करंज, सीताफळ, जे कमी पाण्यावर जगेल ते. लग्न केलं नाही. धाकटा भाऊ काशिनाथ शिकला, शिक्षक झाला. माय-अप्पा समाधानानं गेले. पूजा माझी रोज चालू होती, पण खरं सांगते, दात घासावेत तशी. हात आपोआप चालायचे. देव आहे की नाही याचा विचार मी केलाच नाही, कारण विचार केला तर उत्तर काय येईल याची धास्ती होती.

नोकरीत असताना एका मासिकात जपानमधल्या एका देवळाच्या बागेचं चित्र पाहिलं होतं. बाग म्हणायची, पण पाण्याचा थेंब नाही. नुसते दगड आणि पांढरी खडी. आयुष्यभर पाण्याशिवाय झाडं जगवायच्या खटपटीत असलेल्या बाईला ते चित्र विसरता येईना. निवृत्त झाले आणि ठरवलं, जायचं. पाठीवर एक सॅक, पायात बूट, स्वस्तातल्या मुक्कामाच्या जागा, आणि एकटीनं देवळं आणि बागा बघत हिंडायचं.

काशिनाथनं डोक्याला हात लावला. "अक्का, जन्म तर तुझा झाडांत गेला. आता बागा बघायला इतक्या लांब?"

"म्हणूनच."

"कुणासंगं जायलीस?"

"माझ्यासंगं."

"आन् खाणार काय? ती लोकं सकाळच्याला मासे खातेत म्हणं."

"खाऊ देत की. मी त्यांच्या ताटात बसत न्हाई."

त्यावर तो हसला आणि घरात जाऊन बायकोला म्हणाला, "दशम्या जास्तीच्या कर. अक्का ऐकत नसती."

जपानमध्ये पहिले काही दिवस चांगले गेले. भाषा येत नव्हती, पण मोबाईल होता. त्यात बोललं की तो आपलं बोलणं त्यांच्या भाषेत करून द्यायचा. हिवाळा तोंडावर होता, झाडांची पानं लालभडक झाली होती. तळ्यांभोवतीच्या बागा पाहिल्या, शेवाळाच्या बागा पाहिल्या. शेवाळाला दोरी लावून जपतात, हे मला नवल वाटलं. आमच्याकडं शेवाळ म्हणजे पाय घसरायची जागा. देवळांत मी हात जोडायचे. कुठला देव ते कळायचं नाही, पण हात जोडायला ओळख कशाला लागते?

क्योटोमध्ये मी जिथं उतरले होते तिथं एका खोलीत रेल्वेतल्या बर्थसारख्या खाटा, एकावर एक, आणि प्रत्येकीला पडदा. पूजेला नीट बसायला जागा नाही. त्यात आदल्या दिवशी मी लिंगाचं वस्त्र धुतलं होतं, ते थंडीमुळं वाळलंच नाही. मग सकाळी लिंग स्वच्छ रुमालात गुंडाळून कुर्त्याच्या खिशात ठेवलं, ओलं वस्त्र सॅकच्या पट्ट्याला बांधलं आणि ठरवलं की पूजा देवळाच्या बागेतच करू. ज्या बागेचं चित्र इतकी वर्षं मनात होतं, तिथंच त्या दिवशी जायचं होतं.

देऊळ डोंगराच्या कडेला. दार उघडताच मी आत गेले. आत शिरल्यावर एका बाजूला झाडाखाली बसायला सपाट दगड होते, थोड्या अंतरावर लाल फडकी गळ्यात बांधलेल्या दगडी मूर्तींची रांग होती. लहान मुलांसारखे गोल चेहरे. माणूस कुणी नव्हतं. मी दगडावर बसले, लिंग तळहातावर घेतलं, बाटलीतलं पाणी घातलं, खाली स्टीलची वाटी धरली. भस्म लावलं. खाली पडलेलं एक गुलाबी फूल ताजं होतं, ते वाहिलं. मग लिंग रुमालावर ठेवलं आणि वाटी दोन्ही हातांत धरून उठले, झाड शोधायला.

हीच माझी चूक. दुसऱ्या कुणी ते पाणी तिथंच ओतलं असतं आणि लिंग खिशात घातलं असतं. पण खाली वाट होती, वाटेवर माणसं चालणार. शेवाळाला दोरी होती. जवळच्या झाडांना कुंपण होतं. भरलेली वाटी सांडू नये म्हणून मी जपत जपत पुढं गेले, वळणावर गेले, आणखी पुढं गेले, आणि एका पाइनच्या झाडाचं मूळ वाटेपर्यंत आलेलं दिसलं तिथं पाणी घातलं. मान वर केली तर समोर ती बाग.

चित्रात तिचा आकार कळला नव्हता. मोठ्या अंगणाएवढ्या जागेत पांढरी बारीक खडी पसरलेली आणि तिच्यावर दाताळ्यानं ओढलेल्या रेघा. रेघा सरळ येत होत्या आणि मधल्या दगडांपाशी आल्या की त्यांना वळसा घालून जात होत्या, जसं ओढ्याचं पाणी जातं. मी व्हरांड्याच्या फळीवर बसले. ती खडी मला नवी नव्हती. माझ्या माईच्या हाताला तिनंच घट्टे पाडले होते. आमच्याकडं पाणी नव्हतं म्हणून खडी फोडावी लागली, आणि इथं कुणीतरी खडी घेऊन शांतपणे तिचंच पाणी केलं होतं. मला रडू आलं. शेजारच्या लोकांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं, त्यांची रीत चांगली आहे. किती वेळ बसले सांगता येत नाही. उठले तेव्हा गर्दी झाली होती, बाणाच्या खुणा बाहेरच्या दुसऱ्या दाराकडं नेत होत्या, सॅक पाठीवरच होती. मागं काही राहिलं असं वाटलंच नाही. तशीच स्टेशनवर गेले आणि नारा या शेजारच्या शहराची गाडी धरली, तिथलं जुनं मोठं देऊळ बघायला.

नाराला उतरून बाकावर बसले आणि दशमी काढली. पहिला घास घेण्याआधी गळ्यातल्या लिंगाला हात लावायची लहानपणापासूनची सवय. हात गळ्याला गेला. मग खिशाला गेला. मग सॅकच्या पट्ट्याला, जिथं वस्त्र वाळून कडक झालं होतं. मी दशमी परत बांधली.

परतीच्या गाडीत काय वाटलं ते लिहिता येत नाही. देऊळ गाठलं तेव्हा दार बंद झालं होतं. आतून एक तरुण भिक्षू बाहेर पडत होता. मी मोबाईल पुढं धरून बोलत सुटले, पण घाईत माझं मराठी-हिंदी सगळं एक झालं आणि मोबाईलनं काय सांगितलं देव जाणे. त्यानं वाकून, उद्या सकाळी या, असं हातानं दाखवलं. मी परत खाटेवर येऊन पडदा ओढला आणि काशिनाथला फोन लावला.

"अक्का, आवाज कामून असा झाला तुझा?"

मी सांगितलं. तो म्हणाला, "जेवलीस का?"

"कसं जेवू?"

"हे बघ, स्वामींना विचारून नवं बांधून घेऊ. लोकांचं हरवतंय की. त्यांनी काय जीव दिलाय का? तू आधी खा काय तरी."

"नवं कुणाला पाहिजे?"

"मग उपाशी पडशील परमुलखात, मी काय करू इथनं?" तो ओरडला, आणि लगेच रडवेला झाला. "तुला म्हटलं होतं, उदगीरला बाग हाय, तिथं जा. ऐकलीस का?"

त्याही परिस्थितीत मला हसू आलं. उदगीरच्या बागेत दोन घसरगुंड्या आहेत.

फोन ठेवल्यावर मी एकटी उरले. पाणी तेवढं प्यायले, हे लपवत नाही. अन्न घेतलं नाही. गळा इतका हलका कधीच नव्हता. इतकी वर्षं मी पूजेला सवय म्हणत होते, आणि सवय एवढी दुखते का? आपण शिकलो, कमावलं, भावाला शिकवलं, एकटीनं परदेशात आलो, सगळं आपल्या हिकमतीवर, असं मी धरून चालले होते. त्या खाटेवर माझ्याकडं हिकमत उरली नाही. मी पहिल्यांदा सवयीनं नाही, तर खरोखर म्हटलं, 'बाबा, मला तुझ्यापर्यंत येता येत नाही. तूच काय ते बघ.' आणि मला झोप लागली. झोप लागावी असं काही घडलं नव्हतं, तरी लागली.

सकाळी दार उघडायच्या आत मी जाऊन उभी राहिले. आत सोडताच थेट त्या दगडाकडं गेले. दगड रिकामा. रुमालसुद्धा नाही. खाली पानं चाळली, वाटेच्या कडेला गुडघ्यावर बसून बघितलं. काही नाही. तेव्हा मागून पाणी ओतल्याचा आवाज आला.

एक म्हातारी बाई, ठेंगणी, पांढऱ्या केसांची, हातात बादली आणि लांब दांड्याची लाकडी पळी. त्या बाळमुखी मूर्तींच्या रांगेतून ती चालली होती आणि एकेकीच्या डोक्यावर पळीनं पाणी घालत होती. मी तशीच बसून बघत राहिले. रांग संपली. शेवटच्या मूर्तीच्या पायाशी ती वाकली, आणि तिथं जमिनीलगत आणखी कुणाला तरी तिनं पाणी घातलं, बाकीच्यांपेक्षा जास्त सावकाश.

मी उठून जवळ गेले. घडी घातलेल्या माझ्या रुमालावर माझं लिंग बसलेलं होतं. पुढं एका छोट्या कपात पाणी, ताजं फूल, आणि मागच्या बाजूनं बोटभर लाल फडकं बांधलेलं, इतर मूर्तींना होतं तसंच.

मी काय केलं आठवत नाही. बहुतेक खाली बसले. म्हातारीनं माझ्या कपाळावरचं भस्म पाहिलं, लिंगाकडं पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. तिनं ते दोन्ही हातांनी उचललं, खाली वाकली आणि माझ्या ओंजळीत ठेवलं.

मी मोबाईल काढून तिच्यापुढं धरला. ती त्यात थोडं थोडं बोलली आणि त्याचं हिंदी होऊन मला ऐकू आलं. ती म्हणाली, "काल मी आले तेव्हा हे त्या सपाट दगडावर बसलेलं होतं. राख लावलेली होती, फूल होतं. कुणीतरी मनापासून बसवलं होतं. माणूस परत येईल म्हणून बराच वेळ थांबले. मग याला यांच्याजवळ आणून बसवलं."

मी विचारलं, "इथल्या ऑफिसात का नाही दिलं?"

ती जरा गोंधळली. म्हणाली, "सामान असतं तर दिलं असतं."

मग रांगेतल्या एका मूर्तीवर तिनं हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं जमिनीपासून थोडी उंची दाखवली, एवढुसं. अकाली गेलेल्या लेकरांना सांभाळणारा हा त्यांचा देव. तिचं घर दुसऱ्या गावी. ती महिन्यातून एकदाच इथं येते. "काल माझा दिवस होता," ती म्हणाली. "आज फक्त याच्यासाठी आले. पाहुणा आहे, ओळखीचं कुणी नाही, पाण्यावाचून कसा ठेवायचा?"

मला वाटत होतं, रात्रभर माझा देव माझ्यावाचून उघड्यावर पडला आहे. त्याची पूजा तर कुणी चुकू दिली नव्हती.

मी लिंग तळहातावर घेतलं, खाली वाटी धरली. तिनं पळी भरली आणि माझ्याकडं पाहिलं, घालू का, अशी. मी मान हलवली. तिनं पाणी घातलं, मी भस्म लावलं. वाटीतलं पाणी तिनंच माझ्या हातातून घेतलं आणि त्या मूर्तींच्या मागच्या झाडाला घातलं. मी काही सांगितलं नव्हतं. मी आधी लिंग वस्त्रात बांधलं, गाठ दोनदा मारली. मग दशम्या सोडल्या. एक तिला दिली, वर शेंगदाण्याची चटणी. तिनं दोन्ही हातांनी घेतली, घास खाल्ला आणि ठसका लागला, डोळे भरले. मी म्हटलं, "राहू द्या, मावशी." तिला काय कळलं कोण जाणे, तिनं पूर्ण संपवली आणि तोंडावर हात धरून लहान मुलीसारखी हसली. मीही जेवले.

काशिनाथला फोन केला तर तो म्हणाला, "तिला म्हणावं शरणार्थ. दोनदा म्हण, एक माझा." शरणार्थ म्हणजे आमच्यातला नमस्कार.

हा चमत्कार होता का, असं लोक विचारतात. मी विज्ञान शिकलेली आहे. एका म्हाताऱ्या बाईला दगडावर एक वस्तू दिसली आणि तिनं ती जपली, इतकंच घडलं. पण ती महिन्यातून एकदा येते आणि तो तिचा दिवस होता. सामान आणि देव यांतला फरक तिला न सांगता कळला. माझे हात पोचेनात तेव्हा दुसरे हात आधीच कामाला लागले होते. त्याला काय नाव द्यायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं. माझ्यापुरतं एवढं झालं की देवाला मी सांभाळते, हा माझा समज तिथं सुटला, आणि सुटला तेव्हा फार मोकळं वाटलं. आता पूजेला बसले की हात आपोआप चालत नाहीत. कधी कधी मध्येच थांबतात, आणि मी थांबू देते. त्या मावशीचं नाव मी विचारलं नाही, याची खंत आहे. पाणी घालताना तिची आठवण रोज होते.

त्यानंतर आणखी आठवडाभर मी त्या देशात हिंडले. बघायच्या ठरवलेल्या सगळ्या बागा आणि देवळं पायी, बसनं, रेल्वेनं, एकटीनं पाहिली. आणि माझं इष्टलिंग गळ्यात घेऊन गावी परत आले.